धानाच्या मुलखातली चंदी

गोंदिया जिल्ह्यात घोडी आणि बैलजोडी बऱ्याचदा एकाच छपराखाली बांधलेली दिसते. एकाच ढिगातली तणस दोघांपुढे पडते आणि राईस मिलमधून आणलेल्या एकाच पोत्यातला कोंडा दोघांच्या घमेल्यात जातो. चुनी आणली तर तीही दोघांत वाटली जाते. बैल त्यावर वर्षानुवर्षे औत ओढतो. घोडीच्या मात्र दोन-तीन वर्षांत बरगड्या दिसू लागतात, चाल आखडते, कधी पळताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. मालक म्हणतो, जनावरच कमअस्सल निघाले. जनावर बहुतेक वेळा चांगलेच असते. त्याच्यापुढे बैलाचे ताट वाढलेले असते, एवढाच घोटाळा.

घोड्याला वयाप्रमाणे आणि कामाप्रमाणे काय खाऊ घालावे, हा प्रश्न जगभर विचारला जातो आणि त्याची उत्तरेही तयार आहेत. पण ती गवत, ओट, जव किंवा ज्वारीचा कडबा मुबलक असलेल्या मुलखांत घडलेली आहेत. पुण्याच्या बाजूचे स्टड फार्म, मारवाड, काठेवाड, युरोपातली कुरणे ही ती ठिकाणे. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतून घोडी घेऊन कोणी आमगाव-तिरोड्याकडे आला, तर ती कडब्याच्या मुलखातून धानाच्या मुलखात येते. इथे ज्वारी जवळजवळ नाही. म्हणून गोंदियात वय आणि काम यांचा हिशेब दुसऱ्या नंबरावर येतो. आधी बघायचे ते हे, की आपल्या बांधीत पिकणाऱ्या कोणत्या गोष्टी घोड्याला चालतात आणि कोणत्या मुळीच चालत नाहीत.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टू ३.४२ लाख भरले. २०१२ मध्ये ते ६.२५ लाख होते. गोंदियात टांगे गेल्यावर मुख्यतः वरातीची घोडी आणि हौसेचे घोडे उरले आहेत. संख्या थोडी, म्हणून घोड्याचे जाणते लोकही थोडे. मोतद्दार, नालबंद, पागेचा कारभारी ही माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर चंदी-वैरणीचे शहाणपणही गेले. उरले ते गुरांचे ज्ञान. ते अव्वल दर्जाचे आहे, पण ते गुरांचे आहे.

फरक पोटाच्या रचनेत आहे. बैलाच्या पोटात शंभर लिटरहून मोठी कोठी आहे. खाल्लेला चारा आधी तिथे जातो, कोट्यवधी सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात, बैल रवंथ करतो आणि मगच अन्न पुढच्या आतड्यात सरकते. घोड्याचे जठर जेमतेम बादलीभर. त्याच्याकडेही सूक्ष्मजीवांचा कारखाना आहे, पण तो मार्गाच्या शेवटी, आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात. म्हणजे बैलाच्या अन्नातले विष आधी सूक्ष्मजीवांच्या हाती लागते, घोड्याच्या अन्नातले आधी रक्तात उतरते. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेली चूक पुढेच जाणार. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरतो. त्याचे जठर त्याच बेताने घडले आहे.

तणशीपासून सुरू करू. तणशीत वाळूसारखी सिलिका फार, प्रथिने नावालाच आणि ऑक्झलेट भरपूर. हे ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते. बैलाच्या कोठीत सूक्ष्मजीव ते आधीच तोडतात, म्हणून बैलाला फार बाधत नाही. घोड्यात कॅल्शियम शोषले जाते लहान आतड्यात आणि ऑक्झलेट तुटते त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात. तोवर कॅल्शियम हातचे गेलेले असते. हाच दोष संकरित नेपियरमध्ये, म्हणजे हत्तीगवतात आहे. गाई-म्हशींसाठी ते उत्तम, पण घोड्याचा तो एकमेव हिरवा चारा होता कामा नये. युरिया शिंपडून मुरवलेली तणस गुरांना देण्याची शिफारस आहे आणि ती योग्यच आहे, पण युरियापासून प्रथिन बनवण्याचे काम कोठीतले सूक्ष्मजीव करतात. घोड्याला त्या युरियाचा उपयोग नाही.

आता कोंडा. गोंदिया ही तांदळाची बाजारपेठ, राईस मिलांचे गाव. कोंडा इथे हाताशी आणि स्वस्त. तो तेलकट असतो, घोडा आवडीने खातो आणि आठवड्याभरात अंगावर चमकही येते. इथेच माणूस फसतो. एक किलो कोंड्यात फॉस्फरस पंधरा ग्रॅमच्या आसपास असतो आणि कॅल्शियम एक ग्रॅमसुद्धा नसते. तीनशे किलोच्या प्रौढ घोड्याची रोजची गरज साधारण बारा ग्रॅम कॅल्शियम आणि साडेआठ ग्रॅम फॉस्फरस एवढी. घोड्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असावे, दीडपट-दुप्पट असेल तर उत्तम. कोंड्याने हे प्रमाण उलटे होते. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढू लागते. आधी चाल आखडते. आज पुढचा पाय, उद्या मागचा, असे लंगडणे फिरत राहते. नंतर डोळ्यांच्या खाली चेहऱ्याची हाडे दोन्ही बाजूंनी सुजतात, दात हलू लागतात. युरोपात हा आजार पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना होई, कारण त्यांच्याकडे गव्हाचा कोंडा फुकट पडलेला असे. त्यामुळे त्याला गिरणीवाल्याचा आजार असेच नाव पडले होते. तणशीचे ऑक्झलेट आणि कोंड्याचा फॉस्फरस एकाच घमेल्यात आले, की गोंदियाच्या घोड्यावर दोन्ही बाजूंनी घाव बसतो.

कोंडा अजिबात देऊच नये, असे मी म्हणणार नाही. पाव-अर्धा किलो, ताजा, आणि सोबत तीस-चाळीस ग्रॅम दळलेली चुनखडी दिली तर हिशेब जुळतो. चुनखडीत कॅल्शियम सुमारे अडतीस टक्के असते, म्हणजे चाळीस ग्रॅममध्ये पंधरा ग्रॅम मिळाले. पानाचा चुना किंवा कळीचा चुना मात्र नव्हे, त्याने तोंड आणि जठर पोळते. आणि ताजा म्हणजे खरोखर ताजा. दळल्यापासून थोड्याच दिवसांत कोंड्यातले तेल खवट होते. पोत्यात हात घालून मूठभर कोंडा नाकाशी धरावा. गोडसर वास आला तर ठीक, साबणासारखा उग्र वास आला तर ते पोते घोड्याला देऊ नये. तेल काढलेला कोंडा खवट होत नाही, पण त्यात फॉस्फरस आणखी जास्त असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर. धान कापण्याआधी ओल्या बांधीत लाख हे कडधान्य फेकायचे, धान निघाले की त्याने वर यायचे, ही उतेऱ्याची पद्धत भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत घरोघर माहीत आहे. एका पाळीचेही पाणी न लागता येणारे हे पीक गरिबाला तारणारे आहे. पण लाखेत एक विषारी अमिनो आम्ल असते. ओडीएपी या नावाने ते ओळखले जाते आणि मज्जातंतूंवर त्याचा घाला पडतो. मध्य प्रदेशातल्या सागर भागात १८३० च्या दशकात दुष्काळानंतर नुसत्या लाखेवर राहिलेली तरणीताठी माणसे कमरेखाली लुळी पडली. कर्नल स्लीमन यांनी १८४४ मध्ये छापलेल्या पुस्तकात याची नोंद केली आहे. १९६१ मध्ये देशात लाखेच्या विक्रीवर बंदी आली, महाराष्ट्रात ती पुढे उठली, आणि आता रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाणही आहेत. माणसाने वरणात थोडी लाख खाल्ली तर काय होते, हा वाद वेगळा. घोड्याच्या बाबतीत वाद नाही. पाळीव जनावरांत लाख ज्यांना जास्त बाधते, त्यांत घोडा येतो.

१८८० च्या दशकात ब्रिटनमध्ये ट्राम आणि गाड्या ओढणारे घोडे एकामागून एक पडू लागले. हिंदुस्तानातून बोटीने गेलेली लाख त्यांच्या चंदीत मिसळली होती. लक्षणे विलक्षण असतात. ठाणावर घोडा अगदी निरोगी दिसतो. पळवले किंवा ओझे ओढायला लावले की श्वास घेताना घशातून मोठा घरघर-शिट्टीचा आवाज येतो, कारण स्वरयंत्राला जाणाऱ्या लांब नसा मारल्या गेलेल्या असतात आणि घसा पुरता उघडत नाही. घोडा गुदमरून पडू शकतो. मागचे पाय ताठरणे, मागचा भाग डुलणे हेही दिसते. लाख बंद केल्यावर काही आठवड्यांनी लक्षणे उमटल्याच्याही नोंदी आहेत, त्यामुळे मालकाला दोघांचा संबंधच लागत नाही.

लाख ओळखायची कशी? सबंध दाणा सोपा आहे: पाचरीसारखा, कोपरे असलेला, करडा-तपकिरी, अंगावर ठिपके. हरभऱ्यात मिसळलेला असेल तर पसाभर दाणे ताटात पसरून बोटाने बाजूला करता येतात. पंचाईत डाळीची आणि चुनीची आहे. भरडलेली लाख तुरीच्या डाळीसारखी दिसते आणि चुनीत तर ओळख पटवायला काहीच उरत नाही. म्हणून माझे सांगणे असे, की गोंदिया-भंडाऱ्यात घोड्याला विकतची मिश्र चुनी देऊच नये. सबंध हरभरा घ्यावा, निवडावा, घरी भिजवावा. लाखेचे कुटारही घोड्यापुढे टाकू नये.

त्याच उतेऱ्यातले जवस मात्र घोड्याला फार चांगले. मूठ-दोन मूठ, शंभर ग्रॅमपर्यंत, भरपूर पाण्यात चांगले उकळून त्याची पेज चंदीत मिसळावी. कच्चे घालू नये, त्यात सायनाइड सुटणारी द्रव्ये असतात, उकळल्याने ती जातात. जवसाने कातडीला तकाकी येते, लीद मऊ पडते आणि अशक्त जनावराला ताकद मिळते. मालकाला जी चमक कोंड्यातून हवी असते, ती जवसातून मिळवावी.

वैरणीसाठी जिल्ह्यात पर्याय आहेत, फक्त ते शोधावे लागतात. धुऱ्यावरची आणि बोडीच्या काठची हरळी ही घोड्याची आवडती. पावसाळ्याच्या शेवटी, कुसळे येण्याआधी गवत कापून उन्हात खडखडीत वाळवून ठेवले तर उन्हाळ्याची निम्मी चिंता मिटते. हरभऱ्याचे आणि गव्हाचे कुटार तणशीपेक्षा बरे. पाण्याची सोय असेल तर हिवाळ्यात बरसीम किंवा ओट, आणि पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर थोडासा लसूणघास. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्याने धानाच्या मुलखातले उणे तोच भरून काढतो. पश्चिमेकडून कडबा आणवणे परवडत असेल तर त्यासारखे दुसरे नाही. तणस द्यावीच लागली तर निम्म्यापेक्षा कमी, आणि बुरशीचा करडा डाग दिसला की ती पेंढी बाजूला. सव्वा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात बुरशी हा घोड्याच्या फुप्फुसांचा आणि आतड्यांचा कायमचा शत्रू आहे.

आता किती द्यायचे ते. वजनकाटा नसला तरी शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोत वजन. घेर १५८ आणि लांबी १४३ भरली तर घोडी तीनशे किलोची. तिला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सहा किलो सुके खाद्य लागते. त्यातले निदान साडेचार किलो चारा असलाच पाहिजे. हिरव्या गवतात तीन-चार हिस्से पाणीच असते, तेव्हा त्याचे वजन त्या मानाने चौपट-पाचपट धरावे.

इथे कामाचा प्रश्न येतो. नुसती ठाणावर उभी असलेल्या त्या घोडीची गरज दहा एकक ऊर्जेची धरली, तर हलक्या कामाला बारा, मध्यमला चौदा आणि जड कामाला सोळा लागतात. चांगला चारा पोटभर मिळाला तर पहिली दहा एकके चाऱ्यातूनच निघतात. म्हणजे हलक्या कामाच्या घोडीला वरून लागतो फक्त सहाशे-सातशे ग्रॅम भरडलेला जव, आणि मध्यम कामाला सव्वा किलो. वरातीचे काम हलके आहे, ऐन लग्नसराईत फार तर मध्यम. ती पळत नाही, ती चालते आणि खूप वेळ उभी राहते. तिला खरा त्रास असतो तो बँडच्या आवाजाचा, डांबराचा आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या विदर्भाच्या उन्हाचा. त्या त्रासावर उपाय दाणा नव्हे. पाणी, मीठ आणि सावली हा आहे. तीनशे किलोच्या घोडीला एरवी पंधरा-वीस लिटर पाणी पुरते, उन्हाळ्यात घाम गाळून आली तर त्याच्या दुप्पट. मीठ रोज तीस ग्रॅम, आणि खडा मीठ चाटायला वेगळे.

तरीही लग्नसराईत घोडीला चार-चार किलो दाणा, गूळ, वर पंगतीतल्या पोळ्या, भात आणि बुंदी असा पाहुणचार होतो. यात माया असते, हे मला मान्य आहे, पण ही माया जीवघेणी आहे. एका वेळी पाऊण-एक किलोपेक्षा जास्त दाणा दिला की पिष्ट लहान आतड्यात पुरते पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. त्यातून पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांच्या आतल्या मऊ थराला सूज येते आणि घोडी पुढचे पाय टेकवू शकत नाही. मग जन्मभराची लंगड. वरातीहून आलेल्या घोडीला आधी पाणी, मग वैरण आणि तासाभराने चंदी, हा क्रम मोडू नये.

काम हे वर्षाच्या चक्राशी बांधलेले आहे, हे विसरूनही नुकसान होते. आषाढीनंतर लग्ने थांबतात, घोडी चार महिने चिखलात उभी राहते, हिरव्या गवताने पोट सुटते आणि स्नायू झडतात. तुळशीचे लग्न लागले की एकदम तारखा सुरू होतात आणि मालक एकाच दिवशी दाणा तिप्पट करतो. दाण्यातला कोणताही बदल सात ते दहा दिवसांत, थोडा थोडा करत न्यावा. तारखांच्या तीन आठवडे आधीपासून रोज अर्धा-पाऊण तास चालवणे सुरू करावे आणि चंदी त्या बेताने वाढवावी. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी दाणा निम्मा. पूर्ण चंदीवर दोन दिवस उभ्या राहिलेल्या घोड्याला तिसऱ्या दिवशी कामाला लावले की मांड्यांचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. तेव्हा एक पाऊलही न चालवता डॉक्टरांना बोलवावे.

साठ्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणच्या बाजूला छावणीला असलेल्या लष्करी कारभाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच मन मानेल तशी उधळली तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. घोड्यांचे लष्कर चालवणाऱ्याला चाऱ्याच्या गंजीची किंमत कळत होती. धानाच्या मुलखात ही गंजी गवताची हवी, आणि ती दिवाळीच्या सुमारास रचलेली हवी.

वयाचा विचार तर आणखी जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात व्यालेल्या घोडीला आधी तूप, मग सातूचे पीठ, मग शिजवलेले दाणे आणि हिरवा चारा असा क्रम दिला आहे. शिंगराला सहा महिन्यांपर्यंत दूध, पुढे जव वाढवत नेऊन चौथ्या-पाचव्या वर्षी ते कामाजोगे समजावे, असेही त्यात आहे. तुपाचे सोडा, पण घोड्याला चार वर्षांआधी कामाला जुंपू नये, हे आजही खरे आहे.

शिंगरू सहा महिन्यांत प्रौढ वजनाचा जवळजवळ निम्मा टप्पा गाठते आणि उंची तर त्याहून पुष्कळ पुढे गेलेली असते. तीनशे किलोची घोडी होणाऱ्या सहा महिन्यांच्या शिंगराला रोज तेवीस ग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणजे आईच्या एरवीच्या गरजेच्या जवळपास दुप्पट. जिथे तणस आणि कोंडा हीच रोजची शिदोरी आहे, तिथे शिंगराचे पाय वाकडे होणे, सांधे फुगणे यात नवल नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून आईजवळच, पण आईचे तोंड पोचणार नाही अशा जागी, थोडा भरडलेला जव, भिजवलेला हरभरा आणि चुनखडी ठेवावी. दूध पाच-सहा महिन्यांनी तोडावे. लसूणघासाचा पहिला हक्क शिंगराचा. मात्र त्याला गुबगुबीत करू नये. दाण्यावर फुगवलेले शिंगरू दिसते देखणे, पण कोवळ्या सांध्यांना ते वजन पेलत नाही.

घोडी अकरा महिने गाभण असते. पहिले सात-आठ महिने तिला फार वेगळे काही लागत नाही, गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. खरी ओढ व्याल्यावर. पहिल्या महिन्यांत ती दिवसाला वजनाच्या तीन टक्के दूध देते, म्हणजे तीनशे किलोची घोडी नऊ लिटर. आधीच्या मोजमापात तिची गरज एकोणीस एककांवर जाते. जड काम करणाऱ्या घोड्याला सोळा पुरतात, हे लक्षात घेतले की दूध पाजणारी घोडी वरातीला का पाठवू नये ते कळते. तिला दाणा दोन-अडीच किलोपर्यंत, तीन-चार वेळा वाटून, आणि कॅल्शियम नेहमीच्या तिप्पट.

सोळा-सतरा वर्षांपुढे दातांकडे लक्ष हवे. घमेल्याभोवती अर्धवट चावून टाकलेले गवताचे ओले गोळे पडलेले दिसले, किंवा लिदीत सबंध दाणे आणि बोटाएवढ्या काड्या आल्या, तर दाढांना कंगोरे आले आहेत. पशुवैद्याकडून ते घासून घ्यावेत. त्याआधी दाणा वाढवून उपयोग नाही, तो न चावता पुढे जातो. दाढाच झिजून गेल्या असतील तर चारा बारीक कापून कोमट पाण्यात भिजवावा, जव शिजवावा, जवसाची पेज घालावी आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. कडक तणस अशा तोंडाला चावत नाही, ती आतड्यात गोळा होऊन अडकते. थंडीत म्हाताऱ्या घोड्याला पाणीही कोमट दिले तर तो जास्त पितो, आणि पाणी पोटात गेले तर अडकण्याची भीती कमी होते.

एक गोष्ट वयालाही लागू आहे आणि कामालाही. कोंबडीचे खाद्य, आणि काही ठिकाणी गुरांचे खाद्य, यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. कोंबडीला आणि गुराला ते मानवते. घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना मात्र ते मारते, आणि त्याला थोडीच मात्रा पुरते. एकाच खोलीत पोती रचलेली असतील तर घोड्याची चंदी वेगळ्या पिंपात, झाकण लावून, वेगळ्या मापाने काढावी. कोंबड्यांच्या खाद्यात बुडालेले माप त्या पिंपात जाऊ देऊ नये.